पायगाडीचा लोकाश्रय

आपल्याकडे कलांचा इतिहास सांगताना राजाश्रय आणि लोकाश्रय हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात. राजाश्रय लाभला की कला झळाळून उठते आणि दाता गेला की तिची रया जाते. लोकाश्रयावर वाढलेली कला तितकी झळाळत नाही, परंतु पडत्या काळातही ती तग धरून राहते, असा साधारण अनुभव आहे. कीर्तन आणि भजन यांनी किती राजवटी पाहिल्या याचा हिशेब करावा म्हणजे या म्हणण्याची प्रचीती येईल. हा न्याय गायनवादनास लावताना आपण कधी अडखळत नाही. मात्र रस्ते, वाहने आणि पादचाऱ्यांची सुरक्षितता हा विषय निघाला की आपण तो पार विसरतो. रस्ता सरकारचा, त्यावरील खड्डा कंत्राटदाराचा आणि अपघात दैवाचा, अशी वाटणी करून आपण मोकळे होतो. रस्त्यावर निर्भयपणे चालता यावे, मुलांना सायकलीवरून शाळेत जाता यावे, यासाठी जगात ज्या चळवळी झाल्या त्यांपैकी कोणत्या टिकल्या, कोणत्या विरून गेल्या आणि का, याचा धांडोळा अकोल्याच्या जुन्या शहराच्या अनुषंगाने घ्यावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुने शहर मोर्णेच्या पश्चिम तीरावर वसलेले आहे. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाने ओळखला जाणारा असदगड आणि आगरवेस, दहीहंडा वेस ही नावे त्या गावाची जुनी मर्यादा आजही सांगतात. वेशींची नावे त्या ज्या गावांच्या वाटेवर उघडत त्या गावांवरून पडली, हे ध्यानात घेतले म्हणजे या वस्तीची मांडणी कोणत्या पावलांच्या मापाने झाली हे कळते. पायी चालणारा माणूस, डोक्यावर भारा घेतलेली बाई, दहीदुधाची कावड आणि फार तर एक बैलगाडी, एवढ्यांसाठी या गल्ल्या आखल्या गेल्या. इंग्रजी अमलात पूर्वतीरावर ताजनापेठेच्या बाजूस सरकारी कचेऱ्या उभ्या राहिल्या. मुंबई-नागपूर लोहमार्ग 1867 साली पुरा झाला आणि त्याच वर्षी अकोल्यास नगरपालिका स्थापन झाली. कापसाच्या व्यापाराने गावाचे वजन वाढले. 1901 च्या खानेसुमारीत 29,289 माणसांचे असलेले हे गाव 2011 च्या जनगणनेत 4,25,817 वस्तीचे महानगर झाले होते. माणसे चौदापटींहून अधिक झाली. जुन्या शहरातील बोळ मात्र होते तेवढेच रुंद राहिले. त्यांतून आज मोटारसायकली, ऑटोरिक्षा, मालवाहू गाड्या आणि शाळेस निघालेली मुले एकाच वेळी वाट काढीत असतात. अशा गल्लीला सर्वांत कमी जागा मागणारे, सर्वांत कमी इजा करणारे आणि धूर न सोडणारे वाहन कोणते, असे विचारले तर उत्तर शोधावयास दूर जावे लागत नाही.

त्या वाहनाची जन्मकथा थोडक्यात अशी. 1817 साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने पायाने ढकलीत चालवावयाची दोन चाकांची लाकडी गाडी केली. पुढे पॅरिसमध्ये तिला पायटे लागले. 1885 मध्ये कॉव्हेंट्री येथील स्टार्ली याने दोन्ही चाके सारख्या उंचीची, साखळीने मागचे चाक फिरविणारी 'रोव्हर' गाडी बाजारात आणली, आणि 1888 मध्ये डनलॉप याने तिला हवा भरलेली धाव दिली. आपल्याकडे तिला प्रथम पायगाडी हे नाव पडले. ते फार बोलके होते, कारण गाडी असूनही ती पायांचाच विस्तार आहे, हे त्यात उघड दिसते.

परंतु आपणास येथे यंत्राची कथा सांगावयाची नसून त्या यंत्रावर बसणाऱ्यांनी एकमेकांशी जो संबंध जोडला त्याची सांगावयाची आहे. 1878 साली इंग्लंडात हॅरोगेट येथे सायकलस्वारांचा एक संघ निघाला. 'सायकलिस्ट्स टूरिंग क्लब' या नावाने तो पुढे प्रसिद्धीस आला. या संघाजवळ ना मोठा धनिक होता, ना सरकारी सनद. सभासदांची ठरावीक वार्षिक वर्गणी आणि गावोगाव नेमलेला एकेक स्थानिक प्रतिनिधी, ही त्याची सारी मिळकत. या प्रतिनिधीने आपल्या भागातील रस्ता कसा आहे, उतार कोठे धोक्याचा आहे, मुक्कामास जागा कोठे मिळेल, हे येणाऱ्यास सांगावे, अशी व्यवस्था होती. धोक्याच्या उतारांवर संघाने स्वखर्चाने सूचनाफलक लावले. पुढे 1886 मध्ये रस्तेसुधारणेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापण्यात त्याने पुढाकार घेतला. 1888 च्या एका कायद्याने सायकल ही 'गाडी' ठरली आणि तिला रस्त्यावर हक्काची जागा मिळाली. संघ आजही नाव बदलून काम करीत आहे. म्हणजे त्याच्या वयाची एकशेचाळीस वर्षे केव्हाच उलटून गेली.

याच्या शेजारी अमेरिकेचे उदाहरण ठेवून पाहावे. 1880 मध्ये न्यूपोर्ट येथे 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन' ही संस्था स्थापन झाली. सायकलींचे कारखानदार अल्बर्ट पोप यांचे भक्कम पाठबळ चळवळीस होते. 'गुड रोड्स' नावाचे मासिक निघाले. चांगल्या रस्त्यांची मागणी देशभर गाजली आणि 1893 साली अमेरिकन सरकारला रस्त्यांच्या चौकशीसाठी एक खाते उघडावे लागले. 1898 मध्ये सभासदसंख्या लाखाच्या वर गेली. आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांत ती दहा हजारांच्या खाली आली! सायकल स्वस्त झाल्याने तिची प्रतिष्ठा ओसरली, धनिकांचे लक्ष मोटारीकडे वळले आणि ज्या रस्त्यांसाठी सायकलस्वारांनी घसा कोरडा केला होता त्यांवर मोटारींचे राज्य झाले. या पडझडीच्या अगोदरच संस्थेने आणखी एक गोष्ट केली होती. 1894 साली तिने काळ्या वर्णाच्या लोकांना सभासदत्वाची दारे बंद केली. सायकल स्वस्त होऊन गोरगरिबांच्या हाती येत होती नेमक्या त्याच वेळी ज्या संस्थेने आपले दार अरुंद केले, तिच्यामागे लोक उभे राहिले नाहीत, यात नवल ते काय?

सायकलीचा देश म्हणून आज ज्याचे नाव घेतले जाते त्या हॉलंडविषयी आपल्याकडे एक भ्रम आहे. तेथील लोकांना ही सवय जन्मजात आहे, तेथील सरकार शहाणे आहे आणि तेथे पैसा मुबलक आहे, तेव्हा त्यांचे अनुकरण आपल्यास कोठून साधणार, असे म्हणण्याची चाल पडली आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. 1950 नंतरच्या दोन दशकांत हॉलंडमध्येही मोटारींचा पूर आला, चौक मोडून वाहनतळ झाले आणि सायकलस्वार मागे पडले. 1971 या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात तीन हजारांवर माणसे रस्त्यांवर मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ज्याची स्वतःची मुलगी अशा अपघातात गेली होती त्या व्हिक लांगेनहोफ नावाच्या पत्रकाराने 1972 मध्ये वृत्तपत्रात लेख लिहिला आणि त्याच्या मथळ्यानेच चळवळीस नाव दिले: 'मुलांची हत्या थांबवा'. त्याच सुमारास आम्स्टरडॅममधील डे पाइप या जुन्या, दाट वस्तीच्या पेठेत शाळकरी मुलांनीच आपली गल्ली खेळण्यासाठी मोकळी करा म्हणून मागणी केली, आणि शेजारच्या मोठ्या माणसांनी रस्ता अडविण्यास त्यांना हात दिला. ही पेठ एकोणिसाव्या शतकात, मोटारींच्या आधी बांधलेली होती. तेव्हा तिची अडचण आणि आपल्या जुन्या शहराची अडचण जातीने एकच. पुढे 1975 मध्ये सायकलस्वारांचा संघ निघाला. त्याच्या शाखा गावोगाव झाल्या. आपल्या गावातील कोणते वळण वाईट आहे, कोठे दिवा नाही, हे नोंदवून नगरपालिकेपुढे मांडण्याचे काम या शाखांचे सभासद वर्षानुवर्षे करीत आले आहेत. सरकार शहाणे झाले ते मागाहून, आणि लोकांनी पाठ सोडली नाही म्हणून झाले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. पुण्यास 'सायकलींचे शहर' म्हणत, ही गोष्ट अजून वृद्ध माणसांच्या स्मरणात आहे. कारखान्यांचे भोंगे होताच सायकलींचे लोंढे वाहत. नगरपालिकेचा पितळी बिल्ला सायकलीस लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा एका सायकलीवर दोघे बसले तर पोलीस अडवीत. गावोगावच्या आळीत तासाच्या भाड्याने सायकल देणारे दुकान असे आणि वऱ्हाडही त्यास अपवाद नव्हते. त्या दुकानाचा कारभार पाहण्यासारखा असे. अनामत रकमेची भानगड नाही. वहीत नाव आणि वेळ लिहिली की काम झाले. मालक मुलाला ओळखी, मुलाच्या बापाला ओळखी. सायकल उशिरा आली तर बोलणी खावी लागत, मोडून आली तर बापाकडे निरोप जाई. हजारो मुलांनी नळीखालून पाय घालून, कैची मारीत, अशाच भाड्याच्या सायकलीवर तोल साधला.

या दुकानांची आठवण काढण्याचे कारण असे की, 2017 च्या अखेरीस पुण्यात नव्या तऱ्हेच्या भाडेसायकली आल्या. भ्रमणध्वनीवर कुलूप उघडणाऱ्या, रंगीत, देखण्या. मोठ्या भांडवलाच्या कंपन्या त्यांच्यामागे होत्या. त्याच वर्षी महापालिकेने आठशे किलोमीटरांहून अधिक लांबीच्या सायकलमार्गांचा सर्वंकष आराखडाही संमत केला. परंतु दोन-तीन वर्षांतच त्या कंपन्यांच्या सायकली बहुतेक दिसेनाशा झाल्या. कित्येक मोडल्या गेल्या, कित्येक टाकून दिल्या गेल्या. ज्या वस्तूचा मालक कोण हे कोणास ठाऊक नाही, तिची लाज कोणी राखीत नाही. वहीवर चालणारे आळीतले दुकान पिढ्यान् पिढ्या टिकले आणि तंत्राने सज्ज असलेली योजना तीन वर्षे टिकली नाही, यातील बोध तंत्राच्या निंदेचा नाही. पहिल्यास शेजाराचा आश्रय होता आणि दुसरीस तो मिळालाच नाही, एवढाच तो आहे. आराखड्याचेही तसेच. पुण्यात 'परिसर'सारख्या संस्था आणि जागरूक नागरिक दशकानुदशके पादचारी आणि सायकलस्वार यांची बाजू मांडीत आले, म्हणून तो कागद तरी तयार झाला. परंतु कागदावरील रेघ रस्त्यावर उतरविण्यास आणि उतरलेला मार्ग वाहनतळ होऊ न देण्यास प्रत्येक पेठेत राखण करणारे लोक लागतात.

मग वऱ्हाडात असे लोक मिळतील काय, असा प्रश्न कोणी करील. आमच्या मते हा प्रश्न वऱ्हाडात तरी कोणी करू नये. 1914 साली अमरावतीस अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. एका आखाड्यातून उभे राहिलेल्या त्या संस्थेची कीर्ती 1936 साली बर्लिनपर्यंत पोहोचली. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांनी तर रस्त्याचा धर्म हाती खराटा घेऊनच शिकविला. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री त्याच गावास कीर्तन सांगावयाचे, हा त्यांचा परिपाठ होता. रस्ता सर्वांचा आहे हे तत्त्व यापेक्षा सोप्या भाषेत सांगता येणार नाही. आणि वर्गणीविषयी म्हणाल तर महाराष्ट्राने पैसाफंडाचा प्रयोग शतकापूर्वीच करून पाहिला आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून निघालेल्या त्या फंडात प्रत्येकाने वर्षास एक पैसा द्यावयाचा होता, आणि त्या पैशापैशातून 1908 साली तळेगावी काचेचा कारखाना उभा राहिला.

खुद्द जुन्या शहरात तर याहून मोठा दाखला दरवर्षी डोळ्यांपुढून जातो. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी कावडीत भरून, सुमारे अठरा किलोमीटर पायी चालून, तरुण मंडळी जुन्या शहरातील राजराजेश्वराच्या मंदिरात आणतात. पेठेपेठेची मंडळे यात असतात. कावड कोणी सजवावयाची, खांदा कोणी द्यावयाचा, वाटेत पाणी आणि फराळ कोणी पुरवावयाचा, हे ठरलेले असते. त्या दिवशी मुख्य मार्गावरील वाहने वळविली जातात आणि रस्ता पायी चालणाऱ्यांच्या स्वाधीन होतो. त्याने गावाचा व्यापार बुडाल्याचे कोणी ऐकले नाही. धार्मिक श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूस ठेवला तरी व्यवस्था म्हणून यातून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. दिवस ठरलेला आहे, वाटा ठरलेला आहे आणि माणूस ठरलेला आहे. म्हणून अनेक दशके हा सोहळा कोणा एकाच्या मर्जीवर अवलंबून राहिलेला नाही.

उलट बाजूचाही अनुभव अकोल्यास आहे. जानेवारी 2018 मध्ये मोर्णा स्वच्छतेची मोहीम निघाली. पहिल्याच दिवशी, 13 जानेवारीस, सुमारे चार किलोमीटरच्या पट्ट्यात चौदा ठिकाणी सहा हजारांवर नागरिक नदीत उतरले. शंभराहून अधिक संस्था, महाविद्यालये, मुले, वृद्ध, माता-भगिनी सर्व आले. दर शनिवारी सकाळी हे काम करावयाचे ठरले. पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून तिचा गौरव केला. मोहीम प्रशासनाच्या पुढाकाराची होती आणि ती खोटी होती असे कोणीही म्हणणार नाही. परंतु जलपर्णी ही वनस्पती मोठी चिवट. माणसांचा शनिवार चुकला तरी तिचा दिवस चुकत नाही. ती पुन्हा माजली. सहा हजार माणसे एका सकाळी मिळणे हे गावाच्या सद्भावनेचे लक्षण होय. साठ माणसे साठ शनिवार मिळणे हे त्याच्या संघटनेचे. जुन्या शहराच्या रस्त्यांस या दुसऱ्या गोष्टीची गरज आहे.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख टाळणे लेखकास शोभणार नाही. मे 2023 मध्ये जुन्या शहरात दोन जमावांत दंगल झाली, एक जीव गेला, आणि जमावबंदी लागून रस्ते ओस पडले. सुरक्षित रस्ता म्हटल्यावर आपण वेगाचा आणि खड्ड्यांचा विचार करतो. परंतु जेथे एका आळीतील मुलास दुसऱ्या आळीतून जाताना मनात धाकधूक वाटते तेथे रस्ता गुळगुळीत असून काय उपयोग? हिंदू-मुसलमान, धनिक-गरीब, सर्वांची मुले ज्या एका गल्लीतून शाळेस जातात त्या गल्लीची राखण सर्वांनी मिळून करावी, यापेक्षा सलोख्याचे अधिक रोकडे काम आम्हांस सुचत नाही. अमेरिकेतील त्या संस्थेने दार लावून घेतले आणि ती एकटी पडली, हे विसरू नये.

प्रश्न किती निकडीचा आहे हे आकड्यांवरून दिसेल. 2022 या वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांपैकी 32,825 पादचारी आणि 4,836 सायकलस्वार होते. म्हणजे मेलेल्यांपैकी पाचात एकाहून अधिक माणूस असा, की ज्याच्यापासून दुसऱ्या कोणास फारसा धोका नव्हता. यावर उपाय अज्ञात नाहीत. 2020 च्या स्टॉकहोम परिषदेने, जेथे पादचारी आणि वाहने एकत्र येतात तेथे ताशी 30 किलोमीटरांची वेगमर्यादा घालावी, असे सांगितले आहे. कारण साधे आहे: त्या वेगाने धडक बसली तर बहुतेक माणसे वाचतात, वेग वाढत जातो तसा हा भरवसा झपाट्याने ओसरतो. आपल्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील कलम 115 अन्वये लोकांच्या सुरक्षिततेसाठी विशिष्ट भागात मोटारींवर निर्बंध घालता येतात. तीन लाख वा अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे राज्यघटनाच सांगते. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने तर रस्त्यावरील जागा वाहनांऐवजी माणसांच्या हिशेबाने वाटावी असे तत्त्व मान्य केले आहे. तेव्हा हत्यारे कोठारात आहेत. ती उचलणारे हात हवेत.

ते हात कसे जमवावेत? इतिहासाची साक्ष काढली तर काही गोष्टी उघड दिसतात. आरंभ एका शाळेच्या एका रस्त्यापासून करावा, सबंध शहरापासून करू नये. प्रत्येक पेठेत एक माणूस नेमावा. दिवा बंद पडला, खड्डा पडला, मुलास धक्का लागला, तर त्याने वहीत नोंद करावी आणि महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी ती नोंद प्रभागाच्या कचेरीत नेऊन द्यावी. सहा महिन्यांची अशी वही हातात असली म्हणजे अधिकाऱ्यांशी बोलणे तक्रारीचे न राहता पुराव्याचे होते. वर्गणी लहान असावी, पण ती प्रत्येक घरातून यावी. ज्याने दहा रुपये दिले तो त्या कामाचा हिशेब विचारतो, आणि हिशेब विचारणारा माणूस चळवळीस भाषण करणाऱ्यापेक्षा अधिक उपयोगी असतो. सायकल दुरुस्त करणारा कारागीर यात प्रथम घ्यावा, कारण पंक्चर काढणारे दुकान गल्लीतून उठले की सायकलही तिच्यामागून उठते. दुकानदारांची समजूत घालावी. पायी किंवा सायकलीवरून येणारे गिऱ्हाईक दारात थांबते आणि मोटार जागा न मिळाल्याने पुढे निघून जाते, हे त्यांचे त्यांनाच अनुभवाने पटण्यासारखे आहे. आणि अकोल्याचा उन्हाळा ध्यानात घेऊन झाडे लावावीत. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात सावलीवाचून सायकल चालवा असा उपदेश करणे ही थट्टाच होईल.

यावर एक आक्षेप हटकून येतो. सायकल हे गरिबाचे वाहन; चार पैसे मिळाले की मनुष्य मोटारसायकल घेतो, तेव्हा त्याने पुन्हा मागे का जावे? या आक्षेपात थोडे तथ्य आहे, आणि सुशिक्षितांनीच त्याला अधिक बळ दिले आहे. ज्या घरात मुलाला महाविद्यालयात जाताच मोटारसायकल मिळते त्या घराने शेजाऱ्याच्या मुलीस सायकलीचे गुण सांगू नयेत हे खरे. परंतु त्या मुलीस शाळेत वेळेवर पोहोचावयाचे आहे, आणि तिच्या बापाला रोज पेट्रोलचा खर्च परवडत नाही. तिला पुढे किंवा मागे जाण्याच्या तत्त्वज्ञानाशी कर्तव्य नाही. दहीहंडा वेशीपासून शाळेपर्यंत कोणी अंगावर येणार नाही एवढेच तिला हवे आहे.

राजाश्रय नको असे आमचे म्हणणे नाही. महापालिकेने मार्ग आखावेत, पोलिसांनी वेग आवरावा, सरकारने पैसा द्यावा. ही त्यांची कर्तव्येच आहेत. परंतु आयुक्त बदलतात, योजनांची नावे बदलतात, अंदाजपत्रकातील रक्कम एका मार्चात येते आणि पुढच्या मार्चात जाते. पेठ तेथेच असते. हॅरोगेटच्या मूठभर सायकलस्वारांनी वार्षिक वर्गणीची पावती फाडली तेव्हा त्यांना आपण दीडशे वर्षांचा पाया घालीत आहोत याची कल्पना नसेल. जुन्या शहरातील एखाद्या गल्लीने उद्या दहा रुपयांची पहिली पावती फाडली, तर तिच्याकडेही एवढ्याच साधेपणाने पाहावे, आणि पुढच्या महिन्यात दुसरी फाडावी.